बडोद्याची स्टँडिंग कमिटी आणि आपल्या गल्लीतली कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, प्रताप रोड, वाडी, मांजलपूर अशा भागांतल्या मराठी घरांतून मला गेली काही वर्षं एकाच धर्तीचे निरोप येतात. बहुतेकांसोबत फोटो असतो: खचलेला रस्ता, उघडं चेंबर, अर्धवट सोडलेलं खोदकाम. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, नोकरीची बरीच वर्षं साइटवर काढलेली बाई आहे. कॉर्पोरेशनमध्ये मी कधीच नव्हते, त्यामुळे खालचं सगळं बाहेर उभं राहून, अर्ज करून आणि विचारून कळलेलं आहे. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टँडिंग कमिटी म्हणजे नेमकं काय? बोर्ड, महापौर, कमिशनर यांच्यात तिची जागा कुठे?

बडोद्यात म्युनिसिपालिटीची महानगरपालिका झाली १९६६ साली. कारभार चालतो १९४९ च्या कायद्याने. तो मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा. आता गुजरात प्रांतिक महानगरपालिका कायदा म्हणून ओळखला जातो. १९ वॉर्डांतून प्रत्येकी ४ असे ७६ नगरसेवक मिळून सामान्य सभा होते, तिला आपण ‘बोर्ड’ म्हणतो. या नगरसेवकांतून निवडलेल्या १२ जणांची स्थायी समिती, म्हणजेच स्टँडिंग. आणि राज्य सरकारने नेमलेला कमिशनर, ज्याच्या हाताखाली इंजिनीअर, वॉर्ड ऑफिसं आणि बाकी सगळी यंत्रणा असते.

मोठ्या कामाचा पैसा सुटतो तो स्टँडिंगमधून. खात्याकडून दरखास्त, म्हणजे कामाचा प्रस्ताव, तयार होते, कमिशनरच्या सहीने स्टँडिंगकडे जाते आणि तिथे ती मंजूर, नामंजूर किंवा मुलतवी होते. महापौर बोर्डाच्या अध्यक्षस्थानी असतात. स्टँडिंगचा अध्यक्ष वेगळा असतो. रस्त्याच्या कामासाठी थेट महापौरांकडे निवेदन घेऊन जाणाऱ्यांना मी म्हणून सांगते, आधी आपल्या वॉर्डाचे चार नगरसेवक गाठा. स्टँडिंगमध्ये आपल्या भागाबद्दल बोलणारा माणूस त्यांच्यामार्फतच मिळतो.

२. घरासमोरचा एक खड्डा बुजवायलाही स्टँडिंगची मंजुरी लागते का?

नाही. ठिगळं लावणं, चेंबरचं झाकण बदलणं, लिकेज काढणं, चोकअप, म्हणजे तुंबलेली लाइन, काढणं ही कामं वार्षिक इजाऱ्यातून, म्हणजे कंत्राटातून, होतात. वर्षभरासाठी दर ठरवून इजारदार नेमलेला असतो आणि वॉर्डाचा इंजिनीअर त्याला काम सांगतो. त्या इजाऱ्याला मंजुरी आधीच मिळालेली असते. ‘स्टँडिंगमध्ये जायचंय’ असं कोणी एका खड्ड्यासाठी सांगितलं, तर शांतपणे विचारा: या वॉर्डाचा वार्षिक इजारा चालू आहे का, आणि संपला असेल तर नवा कधी? मुदत संपून नवा इजारा यायच्या मधले आठवडे खरोखर अडचणीचे असतात. त्या काळात खड्डा राहतो तो पैशाअभावी नाही, काम सांगायला माणूस नसल्यामुळे.

३. तक्रार करताना काय लिहावं म्हणजे ती फिरत राहणार नाही?

जागा, माप, तारीख. ‘आमच्या भागातले रस्ते खराब आहेत’ या तक्रारीवर कोणी कुठे जाऊन काम करणार? ‘अमुक जैन देरासरासमोर, विजेच्या खांबापासून पाच पावलांवर, साधारण दोन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल खड्डा, खालून पाणी येतं’ असं लिहिलं की ते योग्य खात्यात पोचतं. शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे, कारण पाणी येत असेल तर काम रस्ता शाखेचं नाही, पाणीपुरवठ्याचं किंवा ड्रेनेजचं आहे. गळती न काढता वर डामर टाकला तर तो महिनाभरही टिकत नाही.

तक्रार नंबर घ्याच. फोनवर सांगितलं असेल तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून वॉर्ड ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. प्रश्न १२, १८ आणि १९ मध्ये हाच शिक्क्याचा कागद कामाला येतो.

दाद लागली नाही तर राज्य सरकारचा ‘स्वागत’ तक्रार कार्यक्रम आहे. तो २००३ पासून चालतो, जिल्हा पातळीवरही होतो. तिथे जाताना आधीच्या अर्जाचा पुरावा सोबत असू द्या.

४. मला गुजराती बोलता येतं, लिहिता येत नाही. मराठीत अर्ज चालतो का?

हा प्रश्न आपल्याच लोकांकडून येतो आणि बहुतेक वेळा संकोचाने येतो. तीन पिढ्या इथे राहिलेल्या घरांतही गुजराती फक्त तोंडी उतरलेलं असतं. साध्या तक्रारीसाठी मराठी अर्ज देऊन पाहायला हरकत नाही, पण वाचणाऱ्याला तो समजेलच असं नाही. हिंदीत लिहा, काम होतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला मात्र कायद्यानेच भाषा ठरवून दिली आहे: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. बडोद्यात मराठी त्यात बसत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका आजींनी असाच अर्ज लिहून घेतला होता.

५. हा रस्ता कॉर्पोरेशनचाच आहे हे कसं ओळखायचं?

शहराच्या हद्दीत म्हणजे कॉर्पोरेशनचा, असं गृहीत धरू नका. राष्ट्रीय महामार्ग ४८ महामार्ग प्राधिकरणाचा. काही मोठे रस्ते राज्याच्या मार्ग-मकान, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, खात्याचे. रेल्वेच्या गरनाळ्यावरचा (रुळांखालून जाणाऱ्या रस्त्यावरचा) पूल रेल्वेचा, खालच्या रस्त्यावर तुंबलेलं पाणी मात्र कॉर्पोरेशनलाच कळवायचं. विजेचा पुरवठा एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे, रस्त्यावरचे दिवे कॉर्पोरेशनकडे. हद्दीबाहेरच्या नव्या वसाहती वुडाच्या, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रात येतात. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही सात गावं शहरात आली. तिथल्या लोकांनी अजून पंचायतीच्या सवयीने अर्ज करू नयेत.

९ जुलै २०२५ ला महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं गेली, तेव्हा मला कितीतरी फोन आले की कॉर्पोरेशनने काय तपासलं. तो पूल शहराचा नव्हताच. पाद्रा आणि बोरसद यांच्यामधला, १९८५ चा, राज्याच्या मार्ग-मकान खात्याचा. पूल कोणाचा हे माहीत नसेल तर त्याच्याबद्दलची भीतीही योग्य माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून पुलाबद्दल शंका आली तर पहिलं पत्र कॉर्पोरेशन आणि मार्ग-मकान खातं, दोघांनाही पाठवा.

६. ‘स्टँडिंगमध्ये मंजूर’ असं पेपरात वाचलं, त्याला तीन महिने झाले. काम कुठे आहे?

मंजुरी म्हणजे किंमत आणि इजारदार मान्य झाला. त्यानंतर स्वीकृतीचं पत्र जातं, इजारदार अनामत भरतो, करार होतो आणि मग वर्क ऑर्डर निघते. कामाची मुदत वर्क ऑर्डरपासून मोजतात, बातमीच्या तारखेपासून नाही. त्यामुळे ‘काम कधी सुरू होणार’ असं विचारू नका. ‘वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची, मुदत किती महिने’ हे विचारा. पहिल्याला ‘लवकरच’ एवढंच उत्तर मिळतं, दुसऱ्याला तारीखच सांगावी लागते.

यात पावसाळा आडवा येतो. डामराची कामं पावसात बंद राहतात आणि ती राहिलीच पाहिजेत. मे अखेरीस निघालेल्या ऑर्डरचं काम दिवाळीच्या आसपास दिसलं तर त्यात नवल नाही.

७. दरखास्त ‘मुलतवी’ झाली किंवा ‘अंदाजापेक्षा जास्त भावाची’ होती म्हणे. याचा अर्थ गैरप्रकार का?

दोन्हींचा अर्थ आपोआप तसा होत नाही. मुलतवी म्हणजे निर्णय पुढच्या बैठकीवर. स्टँडिंगची बैठक कायद्याने आठवड्यातून एकदा अपेक्षित असते, त्यामुळे एकदा मुलतवी झालेली दरखास्त लगेच परत येऊ शकते. पुन्हा पुन्हा तीच मुलतवी होत असेल तर आपल्या नगरसेवकाला कारण विचारायचा पूर्ण हक्क आपल्याला आहे.

भावाचं असं आहे की खातं आधी अंदाजपत्रक करतं, नंतर टेंडरात इजारदार त्याच्यापेक्षा काही टक्के वर किंवा खाली भाव भरतात. वरचा भाव अडचणीच्या कामात समजू शकतो: अरुंद पोळ (जुन्या शहरातली दाटीची गल्ली), रात्रीचंच काम, पाणी उपसत ड्रेनेज टाकणं. मला काळजी वाटते ती फार खालच्या भावाची. तीस टक्के खाली घेतलेलं काम कुठून तरी भरून काढलं जातं, आणि ते बहुधा आपल्या पायाखालच्या थरातून.

८. आमच्याकडे दर पावसाळ्यात भुवा पडतो. रस्ता एकाएकी खाली कसा जातो?

तो एकाएकी जात नाही, आपल्याला दिसतो एकाएकी. हे नीट समजून घ्या, कारण बडोद्यात सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची आहे.

डामराखाली काही फुटांवर ड्रेनेजची लाइन असते. जुन्या भागांत ती पुष्कळ जुनी आहे. पाइप भरून वाहत नाही. वरच्या भागात हवा असते आणि मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तिथे साठतो. पाइपच्या ओलसर छतावरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. हे आम्ल काँक्रीट खातं. म्हणून काँक्रीटचा पाइप तळाला शाबूत आणि माथ्याला कागदासारखा पातळ झालेला सापडतो. एके दिवशी माथ्याला भोक पडतं. किंवा जोड सुटतो, किंवा चेंबरची वीट निसटते.

पाऊस आला की वरची माती पाण्याबरोबर त्या भोकातून पाइपात उतरते आणि वाहून जाते. थोडी थोडी, काही आठवडे, कधी काही महिने. वर रस्ता तसाच दिसतो, कारण डामराचा आणि खडीचा थर कमानीसारखा काही काळ तग धरतो. खाली मात्र खोली तयार झालेली असते. मग एक भरलेला ट्रक जातो.

मी एकदा अशा भुव्याच्या कडेला उभी होते. वरचं तोंड जेमतेम तीन फुटांचं. टॉर्च मारली तर आत पोकळी सगळ्या बाजूंनी रस्त्याखाली पसरलेली, बारा-तेरा फूट तरी असेल, आणि डामराचा थर वर नुसता लटकलेला. ज्या जागेवर लोक उभे राहून फोटो काढत होते त्याच्याखाली काहीच नव्हतं. मी ओरडून सगळ्यांना मागे हटवलं.

भुव्याच्या आधी काही खुणा दिसतात. रस्त्यावर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. त्याच्याभोवती गोलाकार भेग पडते. जवळच्या चेंबरमधून गढूळ, मातीचं पाणी वाहतं. पाऊस नसताना जागा ओली राहते. यातलं एक जरी दिसलं तर तक्रारीत ‘खड्डा’ लिहू नका, ‘रस्ता खाली बसतोय, भुव्याची शक्यता’ असं लिहा.

९. भुवा पडलाच तर पहिल्या तासात काय करायचं?

कडेपासून निदान पंधरा फूट लांब राहा, कारण प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे तोंड लहान आणि पोट मोठं असतं. रिक्षा, हातगाडी, बाक, दोरी, जे मिळेल त्याने दोन्हीकडून वाहतूक अडवा. गॅसचा वास आला तर वाहन सुरू करू नका, आगकाडी ओढू नका, आणि फायर ब्रिगेडला आधी कळवा. वॉर्ड ऑफिसला त्यानंतर.

भुव्यात राडारोडा टाकून तो बुजवू देऊ नका. खालचा पाइप दुरुस्त केल्याशिवाय भरलेली माती पुन्हा त्याच भोकातून जाते. दुरुस्तीच्या वेळी पाइप उघडा पडलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला का, एवढं इंजिनीअरला विचारलं तरी पुरे.

१०. नवा रस्ता झाला आणि पंधरा दिवसांत गॅसवाल्यांनी, नाहीतर केबलवाल्यांनी खोदला. हे कोण थांबवणार?

रस्ता खोदायला कॉर्पोरेशनची परवानगी लागते आणि परवानगी देताना पूर्ववत करण्याचा खर्च भरून घेतात. खोदणाऱ्याकडे परवानगीचा कागद मागा. तो जागेवर असलाच पाहिजे. त्यात लांबी आणि तारखा लिहिलेल्या असतात.

माझी तक्रार खोदण्यापेक्षा भरण्याबद्दल आहे. आमच्या पोळीत हिवाळ्यात चर खणला गेला, कोणाचा ते इथे लिहीत नाही. लाइन टाकून झाली आणि उकरलेली माती, तुटलेल्या विटा, डामराचे तुकडे सगळं एकदमच आत लोटलं, वरून पायांनी दाबलं आणि माणसं गेली. मी सांगत होते की वीतभर माती घाला, पाणी मारा, ठोका, मग पुढचा थर घाला. कोणी ऐकलं नाही. पहिल्या मोठ्या पावसात चर गुडघाभर खाली गेला आणि शेजारच्या काकांची स्कूटर त्यात अडकून त्यांचा हात मोडला. वीत-वीत थर देऊन ठोकायला त्या दिवशी अर्धा दिवस जास्त लागला असता, बस.

११. नव्या रस्त्याची खडी वर्षभरातच निघायला लागली. पुन्हा टेंडर काढावं लागेल का?

लागू नये. कामाच्या करारात हमीचा काळ असतो, कागदावर त्याला डीएलपी म्हणतात. रस्त्याच्या कामांत तो साधारण तीन ते पाच वर्षं असतो. तुमच्या कामाचा किती ते टेंडरातच लिहिलेलं असतं. त्या काळात सदोष कामामुळे जे उखडेल ते इजारदाराने स्वतःच्या खर्चाने करायचं, आणि त्याची काही रक्कम त्यासाठीच अडकवून ठेवलेली असते. तक्रारीत ‘रस्ता हमीच्या काळात आहे, इजारदाराकडून करून घ्यावा’ हे वाक्य स्पष्ट लिहा. नाहीतर ठिगळ वार्षिक इजाऱ्यातून लागतं आणि आपल्याच पैशाने दुसऱ्याची चूक भरली जाते.

दुसऱ्या कोणी तिथे चर खणला असेल तर इजारदार हात वर करतो, आणि त्या पट्ट्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर असतं. म्हणून खोदकाम होण्याआधीचा रस्त्याचा फोटो काढून ठेवत जा.

१२. काम चालू असताना सामान्य माणसाने काय बघावं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

कळतं. पोळीची कणीक सैल झाली की घट्ट, हे ज्याला हाताने कळतं त्याला हेही कळेल.

डामर: ट्रकमधून उतरणाऱ्या मालातून वाफ निघते का, तो काळा चमकदार आहे का हे पाहा. प्लँटमध्ये हा माल दीडशे अंशांच्या आसपास असतो. तो साधारण शंभराच्या खाली गेला की रोलर कितीही फिरवा, खडी एकमेकींना धरत नाही. दुपारभर उभा राहिलेला ट्रक संध्याकाळी ओतत असतील तर वेळ लिहून ठेवा. जुन्या रस्त्यावरची धूळ झाडून पातळ डामर फवारला का, हेही बघा. तो नसेल तर नवा थर पापुद्र्यासारखा निघतो. जाडी कागदावर असते ती दाबल्यानंतरची: चाळीस मिलिमीटर हवी असेल तर सैल माल पन्नासच्या आसपास पसरावा लागतो. माझ्या पिशवीत सहा इंची स्टीलची पट्टी असते. कडेला, माल गरम असताना ती टोचली की जाडी कळते. मुकादम पहिल्यांदा बघत राहतात, दुसऱ्या दिवशी स्वतःच मोजून दाखवतात.

ठिगळ: खड्डा चौकोनी कापून, कडा उभ्या करून, कोरडा करून भरला तरच टिकतो. पाण्याच्या डबक्यात ओतलेला माल चार दिवसांचा पाहुणा.

काँक्रीट: ओतल्यानंतर दोन आठवडे तरी ओलं राहिलं पाहिजे. गोणपाटं टाकून किंवा मातीची आळी करून पाणी भरतात. आमच्या गल्लीत प्रत्येक घराने सकाळी एक बादली टाकायचं ठरवलं होतं. जड वाहन अठ्ठावीस दिवस नको.

आणि चेंबरची झाकणं. नवा थर पडल्यावर झाकण रस्त्याच्या पातळीला उचललं गेलं पाहिजे. ते खाली राहिलं तर दुचाकीवाल्याला खड्डाच झाला. डामराखाली गेलं तर उद्या चोकअप झाल्यावर ते सापडत नाही.

कामाच्या जागी कामाचं नाव, किंमत, मुदत लिहिलेला फलक नसेल तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा. कामगारांशी वाद घालू नका. ते सांगितलेलं करतात.

१३. टेंडर न काढता ‘इमर्जन्सी’त कामं होतात, ते कायदेशीर आहे का?

कलम ६७(३)(सी) प्रमाणे, अचानक अपघात किंवा नैसर्गिक आपत्ती आली आणि मालमत्तेचं मोठं नुकसान किंवा जिवाला धोका असेल, तर कमिशनर तात्काळ काम करून घेऊ शकतो. मात्र काय केलं, का केलं आणि खर्च किती, हे त्याने लगेच स्टँडिंग आणि बोर्ड दोघांना कळवायचं असतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरासारख्या वेळी हे कलम नसेल तर हात बांधले जातील. पण दर वर्षी येणाऱ्या पावसाळ्याची साफसफाई अचानक आलेली घटना कशी होईल? असं काम या कलमाखाली दिसलं तर कारणाची नोंद मागायला संकोच करू नका.

१४. पाऊस थोडा पडतो तरी पाणी भरतं. ड्रेनेजचं झाकण उघडलं तर चालेल का?

कृपा करून उघडू नका. गुडघाभर पाण्याखाली उघडं चेंबर कोणालाच दिसत नाही.

आपल्याकडे मैल्याची लाइन वेगळी आणि पावसाची गटारं वेगळी. पावसाचं पाणी भुखी, मसिया, रूपारेल अशा कांसांतून, म्हणजे नाल्यांतून, शेवटी विश्वामित्री नदीकडे जातं. नदी चढलेली असेल तर गटाराचं तोंडच पाण्याखाली जातं आणि उतार असूनही पाणी पुढे सरकत नाही. नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी गल्लीतलं गटार कितीही साफ असतं तरी उपयोग झाला नसता. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीतला गाळ काढण्याचं मोठं काम झालं ते यासाठीच.

नदी उतरलेली असताना पाणी भरत असेल तर मात्र दोष जवळपास आहे: जाळी बुजलेली, कांस अडवलेला, किंवा रस्ता थरांवर थर चढून जाळीपेक्षा उंच झालेला. हे फोटोसकट कळवा.

१५. आमच्या सोसायटीचा आतला रस्ता कॉर्पोरेशन करून देत नाही. बरोबर आहे का?

खाजगी सोसायटीच्या आतला रस्ता सोसायटीचा. पण स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजनेत लोकभागीदारीचा भाग आहे: ७० टक्के राज्य, २० टक्के रहिवासी, १० टक्के कॉर्पोरेशन किंवा आमदार-नगरसेवकांच्या अनुदानातून. त्यात काँक्रीटचा रस्ता, पेव्हर, ड्रेनेज, पाण्याची लाइन, दिवे बसतात. सोसायटीचा ठराव आणि आपला वाटा आधी जमा करावा लागतो. अडतं ते इथेच, दोन-तीन घरं पैसे देत नाहीत म्हणून. आधी लाइन, मग रस्ता हा क्रम ठरावातच लिहा.

पोळींचं वेगळं आहे. जुन्या पोळीचा रस्ता सार्वजनिक वहिवाटीचा असेल तर तो कॉर्पोरेशनकडे असतो. वाड्याचा आतला चौक मालकांचा.

१६. शेजारचा जुना वाडा कलला आहे. मालक मुंबईला. कोणाला सांगायचं?

वॉर्ड ऑफिसला लेखी. कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाबद्दल मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला नोटीस देऊन ते उतरवायला, टेकू द्यायला किंवा दुरुस्त करायला लावता येतं. नोटिसीमुळे भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. तो वाद वेगळा आणि वकिलाकडे नेण्याचा. पण सज्जाखालून मुलं शाळेत जात असतील तर त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. निदान खालचा भाग दोरीने बंद करा.

१७. चोकअप काढायला माणूस चेंबरमध्ये उतरवत होते. आम्ही काय करायला हवं होतं?

थांबवायला हवं होतं. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. प्रश्न ८ मधलाच वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. सोसायटीने खाजगी माणूस बोलावला तरी कायदा हाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. जेटिंग मशिन (पाण्याच्या जोराने लाइन मोकळी करणारं यंत्र) मागवा, वाट पाहा, घाण वास दोन दिवस सोसा.

१८. काम इजारदाराला दिलं की कॉर्पोरेशनची जबाबदारी संपते का? खड्ड्यात पडून लागलं तर भरपाई मिळते का?

जबाबदारी संपत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव चालवायला दिलेला होता. तरीही हायकोर्टाने स्वतःहून दखल घेऊन कॉर्पोरेशनला जाब विचारला. त्या मुलांच्या वयाची नातवंडं आमच्याही घरात आहेत. त्या संध्याकाळनंतर ‘आम्ही कंत्राट दिलंय’ हे उत्तर मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही.

भरपाईसाठी त्याच दिवशीचा दवाखान्याचा कागद, जागेचा फोटो, साक्षीदार, शक्य तर पोलिसांत नोंद, आणि आधी कोणी तक्रार केली असेल तर तिचा नंबर हवा. धोका माहीत होता हे त्या जुन्या तक्रारीने सिद्ध होतं. दावा करायचा तर कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस लागते आणि दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. प्लास्टर निघेपर्यंत थांबण्यात ते महिने जातात, म्हणून वकिलाला लवकर भेटा.

१९. काम झालंच नाही आणि बिल निघालं असा संशय आहे. कसं तपासायचं?

माहिती अधिकारात. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. मागायचं काय, तर वर्क ऑर्डर, अंदाजपत्रक आणि मोजमाप वहीची त्या कामाची पानं. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. या कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि हा अर्ज संशय नसतानाही करता येतो.

आमच्या गल्लीच्या ड्रेनेजच्या कामात मोजमाप वहीत चार चेंबर लिहिलेले होते. आम्ही पाच बायका पट्टी घेऊन गल्लीभर फिरलो, तीनच सापडले. दोघींना तेव्हाच पेपरवाल्यांना बोलवायचं होतं. मी म्हटलं, आधी पत्र देऊ, आणि त्यात आरोप नको, फक्त मोजमाप लिहू: वहीत चार, जागेवर तीन, प्रत्येकामधलं अंतर इतकं. आठ दिवसांनी इंजिनीअर आला, वहीतल्या अंतराप्रमाणे टेप धरली आणि पिठाच्या गिरणीसमोर रस्ता ठोकून पाहिला. चौथं चेंबर होतं, वीतभर डामराखाली. रस्ता करताना त्याचं झाकण वर घ्यायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कापून ते पातळीला आणलं.